तीन आभाळांचं घर: कोकणात उजेड कसा बेतायचा

जुलै महिन्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास किनाऱ्यावरच्या एखाद्या नव्या बंगल्यात जा. हॉलला पश्चिमेकडे भिंतभर काच आहे, भिंतींना पांढरा रंग आहे, माडांच्या पलीकडे समुद्र दिसतोय, आणि तरीही छतातले सगळे दिवे लागलेले आहेत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: पावसाळ्यात घरात काळोखच असतो हो. त्याच वेळी शेजारच्या कौलारू घरात आजी पडवीच्या कडेला बसून दिव्याशिवाय कुळीथ निवडत असतात. आभाळ दोघांवर तेच आहे. मग फरक कुठे पडतो, आणि घर नवं बांधताना किंवा जुनं दुरुस्त करताना खिडकी आणि दिवा यांची जोडी कशी जमवायची, ते जरा खोलात जाऊन पाहू.

आधी थोडं मोजमाप. एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. मे महिन्याच्या भर दुपारी अंगणात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. नुसतं ढगाळ असेल तर तो दहा-वीस हजारांवर येतो. आषाढात समुद्रावरून काळंकुट्ट आभाळ चालून येतं आणि पाऊस झोडपायला लागतो, तेव्हाही बाहेर हजार-दोन हजार लक्स शिल्लक असतात. आता घरातली गरज बघा. बसण्या-उठण्याला शंभर-दीडशे लक्स पुरतात, वाचायला तीनशे, ओट्यावर भाजी चिरायला तीनशे ते पाचशे. म्हणजे धो धो पावसातसुद्धा बाहेर आपल्या गरजेच्या कितीतरी पट उजेड असतो. तो आत येतोही, पण सगळा खिडकीपाशीच थांबतो.

आणि डोळा मीटरसारखा काम करत नाही, हे यातलं सर्वांत महत्त्वाचं. समोर मोठी, पांढरीफटक दिसणारी काच असली की डोळा तिच्या हिशोबाने स्वतःला आवरून घेतो. मग खोलीच्या मागच्या कोपऱ्यात मोजायला गेलं तर शंभर लक्स असूनही तो कोपरा अंधारा वाटतो. काचेकडे पाठ करून बसलेल्या पाहुण्याचा चेहरा काळा दिसतो. मागचा अंधार असह्य होऊन माणूस बटणं दाबतो, आणि सगळे दिवे एकाच बटणावर असल्यामुळे काचेलगतचेही लागतात, जिथे त्यांचा काडीचा उपयोग नसतो. फोनवरच्या लक्स मोजणाऱ्या फुकट ॲपने हे घरच्या घरी पाहता येतं. त्याचा आकडा फार अचूक नसतो, पण खिडकीजवळ आणि कोपऱ्यात किती पट फरक आहे तेवढं नक्की कळतं. दहा-पंधरा पट निघाला तर घरात उजेड आहे, वाटणी चुकली आहे.

कोकणातल्या घराला वर्षभरात तीन वेगवेगळी आभाळं सांभाळावी लागतात. ऑक्टोबर ते मे कडक ऊन, जून ते सप्टेंबर ढग आणि पाऊस, आणि तिसरं रात्रीचं. खिडक्या बहुतेक वेळा पहिल्या आभाळाचा विचार करून ठेवलेल्या असतात आणि दिवे तिसऱ्याचा. मधले चार महिने कुणाच्याच खात्यावर नसतात. गणपतीत, म्हणजे घर माणसांनी सर्वांत जास्त भरलेलं असतं तेव्हा, नेमकं हेच मधलं आभाळ डोक्यावर असतं.

खिडकी, छप्पर आणि पडवी

खिडकीतून येणारा उजेड खोलीत किती आतवर जातो, याचा एक जुना ठोकताळा आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोचतो. लिंटेल, म्हणजे खिडकीच्या माथ्यावरची आडवी पट्टी, सात फुटांवर असेल तर चौदा ते सतरा फूट, तेही बाहेर काही आडवं नसेल तर. त्यामुळे खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच केली तर खोलीच्या मागच्या भागाला फायदा होतो. जमिनीपर्यंत आणलेली काच देखावा देते, पण खालच्या दोन-अडीच फुटांतला उजेड फरशीवर पडून तिथेच संपतो. ते पैसे वर, लिंटेलच्या वरच्या झरोक्यात घातलेले बरे. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-दमट हवामानासाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश खिडकी सुचवली आहे, कोरड्या उष्ण प्रदेशासाठी एक दशांश. आपल्याकडे मोठ्या खिडकीची गरज हवेसाठी आहे आणि पावसाळी उजेडासाठीही.

आता छप्पर. पूर्ण ढगाळ आभाळ सगळीकडे सारखं उजळ नसतं. डोक्यावरचा भाग क्षितिजालगतच्या भागापेक्षा साधारण तिप्पट उजळ असतो. १९४२ साली मून आणि स्पेन्सर या अमेरिकी संशोधकांनी हे सूत्रात मांडलं आणि आजही उजेडाची गणितं त्यावर बेततात. भिंतीतली खिडकी आभाळाचा कडेचा, मंद भाग पाहते. छपरातली फट थेट मधला उजळ भाग पाहते. जुन्या घरांत माजघरावर दोन-चार काचेची कौलं बसवायची पद्धत होती, तिच्यामागे हेच आहे. मंगलोरी कौलं आली, त्यांच्याच मापाची काचेची कौलं मिळू लागली आणि माजघरातला कायमचा अंधार थोड्या खर्चात हटला. पावसाळ्यात एक काचेचं कौल तेवढ्याच मापाच्या भिंतीतल्या खिडकीपेक्षा बराच जास्त उजेड आत आणतं.

अर्थात त्याची किंमत मोजावी लागते. एप्रिल-मेमध्ये त्याच कौलातून उन्हाचा कवडसा थेट जमिनीवर उतरतो आणि उष्माही आणतो. म्हणून काचेचं कौल उत्तरेकडच्या उताराला, भिंतीलगत बसवावं. कवडसा भिंतीवर पडतो, भिंत उजळते आणि तिच्यावरून परतलेला मऊ उजेड खोलीत पसरतो. ॲक्रिलिकची कौलं स्वस्त असतात, पण उन्हाने पिवळी पडतात. काच असो वा ॲक्रिलिक, पावसात तिच्यावर शेवाळ धरतं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामात पन्हळी साफ करताना ही कौलं पुसून घेतली नाहीत तर श्रावणापर्यंत ती मातीच्या कौलाइतकीच आंधळी होतात. जवळ माड असेल तर तिथे काच नकोच. स्लॅबच्या घरात हेच काम जिन्यावरच्या टोपीतून, मधल्या चौकातून किंवा छताजवळच्या उंच झरोक्यांतून करून घेता येतं.

उत्तरेचा उजेड सौम्य, दक्षिणेचा उबदार, असं पुस्तकांतून वाचायला मिळतं. ती पुस्तकं बहुधा थंड प्रदेशांत लिहिलेली असतात. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तरेला आहे. मेच्या ९ तारखेच्या आसपास सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला जातो. मधल्या काळात उत्तरेच्या खिडकीलाही ऊन लागतं, पण त्यातला मोठा भाग ढगांखाली जातो, म्हणून त्याचा त्रास मेपुरताच. दक्षिणेचं ऊन आवरायला सोपं आहे. दोन फुटांचा छज्जा २१ मार्चच्या सुमारास माध्यान्ही साडेसहा फूट सावली देतो, म्हणजे पूर्ण खिडकी झाकतो. डिसेंबरात सूर्य पन्नासेक अंशांवर उतरल्यावर तोच छज्जा जेमतेम अडीच फूट सावली देतो आणि सकाळच्या गारठ्यात थोडं ऊन आत येऊ देतो. हवं तेव्हा देणं आणि नको तेव्हा अडवणं हे एका साध्या छज्ज्याने जमतं.

पश्चिमेला हे चालत नाही, आणि समुद्र नेमका पश्चिमेलाच आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचला सूर्य क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांवर असतो. तोच दोन फुटांचा छज्जा तेव्हा फुटाच्या आतबाहेर सावली देतो, बाकी काचेतून ऊन सरळ सोफ्यावर. वर पाण्यावरची तिरीप वेगळीच. त्यामुळे समुद्रदर्शनासाठी भिंतभर काच लावलेल्या घरांत नोव्हेंबरपासून मेपर्यंत दुपारी तीननंतर जाड पडदे ओढलेले दिसतात आणि पडद्याआड दिवे. ज्या देखाव्यासाठी खर्च केला, तो पाहायच्या वेळेलाच झाकावा लागतो. काचेच्या पुढे आठ-दहा फुटांची पडवी असली तर चित्र पालटतं. पडवीच्या कडेला वरून सोडायच्या बांबूच्या चिका, म्हणजे पडदे, बांधले की खालची अर्धी बाजू मोकळी ठेवून ऊन अडवता येतं आणि समुद्रही दिसत राहतो. आपल्या जुन्या घरांनी पश्चिमेला उघडी खोली कधीच ठेवली नाही. पडवी मध्ये घातली. नव्या नकाशात खर्च वाचवायचा म्हणून पडवी सगळ्यांत आधी कापली जाते, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत शेवटी कापायला हवी.

मात्र पडवीचाही एक हंगामी दोष आहे. मिरगाच्या आधी पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची झड अडवायला पडवी बंद केली जाते. पूर्वी झावळ्यांचे झाप असत, आता निळी किंवा काळी ताडपत्री. म्हणजे आभाळ सर्वांत काळवंडलेलं असतं त्याच चार महिन्यांत घराचं तोंड आपण स्वतःच झाकतो. निळ्या ताडपत्रीमागे बसलेल्या माणसाचा चेहरा, ताटातला भात, सगळंच निळसर दिसतं. ताडपत्रीऐवजी दुधी रंगाच्या पॉलिकार्बोनेट पत्र्याच्या चौकटी करून घेतल्या तर झड बाहेर राहते आणि उजेड गाळून, पसरून आत येतो. पत्रा उन्हाने पिवळा न पडणारा, म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षणाचा थर असलेला घ्यावा. वरचा अर्धा भाग दुधी आणि खालचा अर्धा झापांचा, अशी मिसळही छान चालते, कारण झडीचा मार खाली जास्त असतो आणि उजेड वरून येतो. चौकटी सुतळीने न बांधता खिट्ट्यांवर अडकवल्या तर गणपतीत पाऊस उघडला की चार काढून ठेवता येतात.

रंगांचा मुद्दा थोडक्यात, पण तो हलका नाही. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला चार पंचमांश परत देते. उघडा जांभा त्याच्या निम्माही देत नाही. चिऱ्याची भिंत उघडी ठेवायची हौस मला पूर्ण समजते, ती सुंदरच दिसते. पण ज्या भिंतीत खिडकी आहे ती भिंत मात्र उजळ रंगाची ठेवा. काचेतल्या पांढऱ्या आभाळाला लागून गडद भिंत आली की डोळ्यांवर सर्वांत जास्त ताण पडतो. खिडकीच्या समोरची किंवा बाजूची भिंत जांभ्याची चालेल. पडवीच्या छताला आतून पांढरा हात दिला तर अंगणातून उसळलेला उजेड घरात सरकतो.

दिवसा लावायचा दिवा

दिवा रात्रीसाठी असतो, हे आपण इतकं गृहीत धरतो की दिवसाच्या दिव्याचा वेगळा विचारच होत नाही. १९५० च्या दशकात ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमध्ये राल्फ हॉपकिन्सन यांनी खोल कार्यालयांचा अभ्यास करताना तो केला. त्यांच्या लक्षात आलं की बाहेर जितकं जास्त उजळ, तितका खोलीच्या मागच्या बाजूला दिव्याचा उजेड जास्त लागतो. ऐकायला उलटं वाटतं, पण वर डोळ्याचं जे सांगितलं त्यावरून ते सरळ आहे. रात्री मागच्या कोपऱ्याची तुलना कुणाशीच होत नाही, दिवसा ती काचेतल्या आभाळाशी होते. म्हणून दिवसाचे दिवे खिडकीच्या विरुद्ध टोकाला हवेत आणि त्यांचा रोख फरशीपेक्षा मागच्या भिंतीवर हवा. मागची भिंत उजळली की सगळी खोली उजळल्यासारखी वाटते, आणि काचेकडे पाठ करून बसलेल्याचा चेहराही दिसतो.

हे भाताच्या कुणग्यांसारखं, म्हणजे बांध घातलेल्या खाचरांसारखं आहे. पाणी वरच्या बांधावरून उतरतं तेव्हा पहिला कुणगा भरून वाहतो आणि शेवटचा कोरडा राहतो. शेंदून पाणी द्यायचं ते शेवटच्या कुणग्याला.

यातून वायरिंगचा एक नियम निघतो, आणि या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. दिव्यांच्या ओळी खिडकीला समांतर ठेवा आणि प्रत्येक ओळीला स्वतंत्र बटण द्या. समजा हॉल चौदा बाय वीस आहे आणि काच चौदा फुटांच्या बाजूला आहे. वायरमन सवयीने चार कोपऱ्यांना चार पॉइंट काढतो आणि एका बटणावर घेतो, फॉल्स सीलिंगच्या आतली पट्टी दुसऱ्या बटणावर. त्याला भिंतीवर खडूने तीन रेघा ओढून दाखवा: काचेपासून चार फुटांवर एक ओळ, मध्ये दुसरी, मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर तिसरी. तीन ओळी, तीन बटणं. जुलैच्या दुपारी फक्त तिसरी लागेल. संध्याकाळी सहाला दुसरी तिच्या जोडीला येईल. पहिली ओळ अंधार पडल्यावरच. खर्च वाढतो तो काही मीटर वायरचा आणि दोन बटणांचा, पण तो स्लॅब भरण्याआधी किंवा भिंतीत झिरी मारण्याआधी ठरला पाहिजे. प्लास्टर झाल्यावर हेच काम तोडफोडीचं होतं. आपोआप मंद-प्रखर होणारी सेन्सरची यंत्रणा मिळते, पण गावी ती बिघडली तर दुरुस्तीला माणूस मिळेपर्यंत महिना जातो. बटण कुणालाही कळतं.

दिवसाच्या दिव्याचा रंगही वेगळा लागतो. दिव्याच्या रंगाची झाक केल्विनमध्ये मोजतात. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखी, ४००० मधली, ६५०० निळसर पांढरी. ढगाळ आभाळाचा उजेड स्वतः ६५०० च्या आसपास किंवा वर असतो. त्याच्या शेजारी २७०० चा दिवा भर दुपारी नारिंगी, आजारी दिसतो. म्हणून मागच्या ओळीला ४००० घ्या. तो दिवसाच्या उजेडात मिसळून जातो आणि संध्याकाळी डोळ्यांत खुपतही नाही. ६५०० चा दिवा आपल्या बाजारात न मागता मिळतो, कारण तो दुकानात जास्त प्रखर भासतो आणि लोकांना सवय झाली आहे. गोदामाला तो ठीक आहे. राहत्या घरात, विशेषतः रात्री, मी तो कुठेही सुचवणार नाही.

रात्रीचं आभाळ

रात्री ६५०० चा दिवा नको, याचं कारण डोळ्यातच आहे. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज काही पेशी अशा आहेत की त्या शरीराला दिवस आहे की रात्र ते कळवतात. निळ्या उजेडाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावरचा पिवळसर लेप त्यातला काही निळा उजेड बदलतो आणि मिळून पांढरा दिसतो. निळा एलईडी जमायला फार वर्षं लागली आणि तो साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका लेपातून निसटलेला निळा भाग जास्त. रात्री दहाला ६५०० च्या ट्यूबखाली बसलं की शरीराला अजून दुपार असल्याचा निरोप जातो आणि झोप लांबते. निजायच्या खोलीत, ओटीवर, जेवणाच्या टेबलावर २७०० ते ३००० पुरे.

किती दिवे लागतील? इथे वॅट विसरून ल्युमेन पाहायला शिकावं. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, ल्युमेन म्हणजे किती उजेड देतो. जुना ६० वॅटचा बल्ब सातशे-आठशे ल्युमेन द्यायचा, आजचा ९ वॅटचा एलईडी साधारण नऊशे देतो. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या, स्वस्त एलईडी बल्ब देणाऱ्या सरकारी उजाला योजनेनंतर एलईडी वाडीवाडीत पोचला, पण खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा वाचायची सवय अजून लागायची आहे. बारा बाय बाराचं माजघर घ्या. क्षेत्रफळ साधारण साडेतेरा चौरस मीटर. दीडशे लक्स हवे तर जमिनीवर दोन हजार ल्युमेन पडले पाहिजेत. भिंती आणि छत पांढरं असेल तर दिव्यातल्या उजेडापैकी साठ टक्के कामी येतो असं धरा, म्हणजे तेहतीसशे ल्युमेन, वीस वॅटच्या दोन ट्यूबच्या आत. तेच माजघर उघड्या जांभ्याचं, वर कौलं आणि काळवंडलेले वासे असतील तर पस्तीस टक्केच हाती लागतात. मग पावणेसहा हजार ल्युमेन, म्हणजे तिसरी ट्यूब आली. कौलारू छताखाली वर तोंड करून लावलेले दिवे फुकट जातात, कारण वर उजेड परतवायला काही नसतं. तिथे दिवा वाश्यावरून वायरीने खाली, डोक्याच्या थोडा वर सोडावा आणि त्याला आतून पांढरी शेड असावी.

सरसकट उजेडाच्या जोडीला कामाचा उजेड वेगळा द्या. ओट्यावरचा दिवा छताच्या मधोमध असला तर उभं राहणाऱ्या बाईची सावली नेमकी विळीवर पडते. तो कपाटाच्या खालच्या कडेला, पुढच्या बाजूला हवा. आणि स्वयंपाकघरापुरता रंग ओळखण्याच्या क्षमतेचा आकडा, सीआरआय, पाहून घ्या. ८० चालतो, ९० चा मिळाला तर सोडू नका. बांगड्याचा कल्ला लाल आहे की तपकिरी झाला, हे ज्या दिव्याखाली कळत नाही तो दिवा कोकणातल्या स्वयंपाकघरात कशाला?

वय हा तर सरळ विसरला जाणारा मुद्दा. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. भिंग पिवळं पडतं आणि बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. आपल्या गावांतल्या घरांत वर्षातले दहा महिने राहतात ती प्रामुख्याने आई-वडील, काका-काकू. घर मात्र मुंबईहून येणाऱ्या तरुण डोळ्यांनी पसंत केलेलं असतं. घरातल्या वयस्कर माणसांच्या वाचायच्या खुर्चीशेजारी स्वतंत्र, प्रखर, पण डोळ्यांत न शिरणारा दिवा द्या. न्हाणीघराकडे जायच्या वाटेवर जमिनीपासून फूटभर उंचीवर अर्ध्या-एक वॅटचे पिवळसर दिवे रात्रभर राहू द्या. उंबरठ्याची आणि पायरीची कड त्यात दिसली पाहिजे. मोठा दिवा लावून झोपमोड होण्यापेक्षा आणि अंधारात चाचपडत पाय घसरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

स्वस्त दिवा वीजप्रवाहाबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. दुकानातच फोनचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो परत द्या.

मीठ, किडे आणि गेलेली वीज

खारी हवा फिटिंग खाते. लोखंडावर नुसता रंगाचा थर असलेली फिटिंग समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत फुगते. पॉलिकार्बोनेटची किंवा पितळेची घ्या. स्टेनलेस स्टील असेल तर ३१६ प्रतीचं, ३०४ वर तांबूस डाग येतात. स्क्रूही त्याच प्रतीचे हवेत, नाहीतर फिटिंग टिकते आणि स्क्रू गळून पडतो. पडवी, न्हाणीघर आणि बाहेरच्या दिव्यांवर आयपी ६५ असा आकडा पाहा. पहिला अंक धूळ आत शिरत नाही असं सांगतो, दुसरा पाण्याचा फवारा. तोच बंदिस्तपणा मिरगाच्या पहिल्या पावसानंतर येणाऱ्या पंखवाल्या किड्यांनाही अडवतो. शिवाय हे किडे निळ्या आणि अतिनील उजेडाकडे जास्त ओढले जातात, त्यामुळे पडवीत पिवळा दिवा लावला तर जेवणाच्या ताटात ते कमी पडतात.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एवढं दरवर्षी होत नाही, पण पावसाळ्यात रात्रभर वीज जाणं नेहमीचं आहे. दिव्यांची वायरिंग करतानाच पाच दिव्यांची वेगळी लाइन काढून इन्व्हर्टरला जोडा: ओटा, न्हाणीघर, जिना किंवा उंबरठा, माजघर आणि आजारी किंवा वयस्कर माणसाची खोली. पाच वॅटचे पाच दिवे म्हणजे पंचवीस वॅट. नेहमीच्या १५० अँपिअर-अवर बॅटरीवर ते पूर्ण रात्र जळून वर उरतं. पंखे, टीव्ही आणि सजावटीचे दिवे त्याच लाइनवर घेतले की मध्यरात्रीच सगळा काळोख. आणि वीज गेलेल्या त्याच दिवशी दुपारी काचेच्या कौलाची खरी किंमत कळते, त्याला बॅटरी लागत नाही.

राहिले घराबाहेरचे दिवे. हल्ली आवारात रात्रभर पांढरे फ्लडलाइट सोडायची पद्धत पडली आहे, आणि ही मला मनापासून खटकते. मे-जूनमध्ये काजव्यांचे नर चमकून माद्यांना खुणावतात. आवारातल्या प्रखर उजेडात त्या खुणाच पुसल्या जातात, आणि झाडांवरचे काजवे दिसेनासे होतात. किनाऱ्यावर प्रश्न आणखी नाजूक आहे. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून घरटी राखायचं काम गावकऱ्यांच्या मदतीने सुरू केलं. वाळूतून वर आलेलं पिल्लू जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे चालू लागतं. लाखो वर्षं ती दिशा समुद्राचीच होती. आता किनाऱ्यालगतच्या घराचा दिवा समुद्रापेक्षा उजळ असला तर ते उलट्या बाजूला, माडांच्या बागेत आणि रस्त्यावर जातं आणि सकाळच्या उन्हात किंवा कावळ्यांच्या तोंडी मरतं.

किनाऱ्यालगत घर किंवा पाहुण्यांसाठी खोल्या बांधत असाल तर समुद्राकडच्या बाहेरच्या दिव्यांना वेगळं बटण द्या. दिवे कमरेच्या उंचीखाली, वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले, गडद पिवळ्या रंगाचे असावेत, आणि फेब्रुवारी ते मे जेवणं आटोपली की बंद व्हावेत. बाहेरचे बंद केले आणि आतला झगझगीत हॉल भिंतभर काचेतून किनाऱ्यावर सांडत राहिला तर पिल्लाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. म्हणून त्या काचेला जाड अस्तराचा पडदा लावा आणि हॉलच्या तीन ओळींपैकी काचेलगतची पहिली ओळ त्या चार महिन्यांत रात्रीसुद्धा बंदच ठेवा. मागच्या दोन ओळींत घरातल्यांचं सगळं भागतं.